धूर केव्हा निघतो?

करावे गावात जुन्या गाडीचा सायलेन्सर सडला की लोक दोष खाडीला देतात. खारा वारा, बारमाही दमटपणा, पलीकडे खारफुटी. लोखंड टिकणार कसे? यात खोटे काही नाही. पण सडलेला सायलेन्सर कापून पाहिला तर बहुतेक वेळा गंजाची सुरुवात आतून झालेली दिसते. एक लीटर पेट्रोल पूर्ण जळले की साधारण लीटरभर पाणी तयार होते. ते वाफ होऊन बाहेर पडते, पण पाइप थंड असेल तर वाटेतच त्याचे थेंब होतात, त्यांत धुरातली आम्ले विरघळतात आणि सायलेन्सरच्या तळाशी ते साचून राहते. गाडी सलग पंधरा-वीस मिनिटे चालली तर शेवटची नळीही तापते आणि पाणी उडून जाते. करावे गाव ते सीवूड्स-दारावे स्टेशन हे अंतर तेवढे नाही. माणसाला स्टेशनवर सोडायचे, परत यायचे, गाडी लावायची. सायलेन्सर ना पुरता तापतो ना कोरडा होतो. गाडी सीएनजीवर असेल तर पाणी आणखी वाढते, कारण मिथेनमध्ये कार्बनच्या मानाने हायड्रोजन जास्त. तेवढ्याच अंतराला पेट्रोलच्या जवळजवळ दीडपट पाणी होते.

मागच्या सायलेन्सरच्या तळाशी कंपनीने एक बारीक भोक ठेवलेले असते, ते हे पाणी निथळण्यासाठी. ते भोक पाहून ‘लिकेज आहे’ म्हणत वेल्डिंग मारून बुजवलेले सायलेन्सर मी कितीतरी पाहिले आहेत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तेच सायलेन्सर तळातून गळून पडतात आणि मग पुन्हा खाडीच्या वाऱ्याचे नाव निघते.

या पुस्तिकेचा विषय जुन्या गाडीच्या इंजिनातले आणि सायलेन्सरमधले बिघाड ओळखणे हा आहे. ‘ओळखणे’ एवढाच. दुरुस्तीची पुस्तके पुष्कळ आहेत आणि दुरुस्त करणारे हातही नवी मुंबईत कमी नाहीत. पैसा वाया जातो तो त्याआधीच्या पायरीवर. गाडी मिसिंग करते म्हणून प्लग बदलले, मग कॉइल, मग इंजेक्टर साफ केले, मग फ्युएल पंप. शेवटी निघाली इनटेकची चिरलेली रबरी नळी, जी नवी घेतली तरी पहिल्या बिलाच्या मानाने किरकोळ. असा अनुभव नसलेला जुन्या गाडीचा मालक मला अजून भेटलेला नाही. यात मेकॅनिकची लबाडी असतेच असे नाही. बहुतेकदा गाडी त्याच्यासमोर तो दोष दाखवतच नाही, आणि मालकाला तो सांगता येत नाही.

संवाद साधारण असा होतो. “दादा, गाडी ओढत नाही.” “केव्हा?” “केव्हा म्हणजे? ओढतच नाही.” इथे तपासणी संपते आणि अंदाज सुरू होतो. खरे तर त्या ‘केव्हा’चे उत्तर मिळाले असते तर अर्धे काम गाडीचे बॉनेट उघडण्याआधीच झाले असते. इंजिन गार असताना की गरम झाल्यावर? उभ्या गाडीत की पळत्या? अॅक्सिलरेटर दाबताना की सोडल्यावर? पाऊस असताना की कोरड्या दिवशीही? गॅसवर की पेट्रोलवर? बिघाड कोणता आहे यापेक्षा तो कोणत्या वेळी दिसतो याने जास्त उलगडते, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढची सगळी प्रकरणे त्या एकाच प्रश्नाभोवती रचली आहेत.

धुराचेच घ्या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते, हे सर्वांना ठाऊक असते. त्यापुढचे वाक्य मात्र लगेच ‘इंजिन काम काढा’ असे येते. ऑइल सिलिंडरमध्ये शिरायला दोन मुख्य वाटा आहेत. एक खालून, झिजलेल्या पिस्टन रिंगांमधून. दुसरी वरून, व्हॉल्व्हच्या दांडीवर बसवलेल्या रबरी सीलमधून; यांना आपल्याकडे गाइड सील म्हणतात. दोन्हींचा धूर सारखाच निळा. पण रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली, निळ्या धुराचा एक लोट आला आणि नंतर काही नाही, तर रात्रीतून वरचे ऑइल ठिबकून आत उतरले होते, म्हणजे सील कडक झाले आहेत. पारसिक हिलवरून बेलापूरला उतरताना अॅक्सिलरेटर सोडलेला असतो, त्या वेळी सिलिंडरमध्ये जोराचा व्हॅक्यूम तयार होतो आणि तो दांडीवरून ऑइल ओढतो. खाली येऊन पाय दाबला की मागे निळा लोट. हेही सीलच. उलट चढ चढताना, भार असताना, सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगांवर. तेव्हा इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण काढून पाहावे. तिथून धापा टाकल्यासारखा धूर येत असेल तर जळलेला वायू रिंगांना ओलांडून खाली जातो आहे.

गाइड सील बदलण्याचा खर्च आणि इंजिन उघडण्याचा खर्च यांत कित्येक पटींचा फरक आहे. बऱ्याच इंजिनांत तर सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून, हेड न उतरवताही सील बदलता येतात. त्याच्याही आधी पाहायची गोष्ट म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह. क्रँककेसमधली वाफ इनटेककडे नेणारा हा लहानसा भाग तुंबला की आत दाब वाढतो आणि धडधाकट इंजिनही ऑइल ओकू लागते. तो न पाहता रिंगा बदललेली गाडी महिन्याभरात पुन्हा निळा धूर सोडते.

पांढऱ्या धुराने लोक उगाच घाबरतात आणि कधीकधी घाबरायला हवे तेव्हा घाबरत नाहीत. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी दिसणारा विरळ पांढरा धूर म्हणजे वर सांगितलेले पाणी. गाडी तापली की तो जातो. गाडी पूर्ण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर टिकला, त्याला गोडसर वास आला आणि कूलंटची बाटली आठवड्याला खाली जाऊ लागली, तर कूलंट सिलिंडरमध्ये जळते आहे. हेड गॅस्केट पाहा. याची एक आधीची खूण असते, जी फार थोडे मालक सांगतात: सकाळी पहिले मिनिटभर गाडी तीन पायांवर चालल्यासारखी लंगडते आणि मग आपोआप सुधारते. रात्री उरलेल्या दाबाने थोडे कूलंट एका सिलिंडरमध्ये झिरपलेले असते, ते जळेपर्यंत तो सिलिंडर मार खातो. ‘सकाळी जरा करते, मग ठीक होते’ असे म्हणून ही खूण सोडून दिली की पुढे हेडच वाकते. ही तपासणी करताना गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, हे इथेही लिहितो आणि त्या प्रकरणात पुन्हा लिहिले आहे.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. गार इंजिनाला थोडे जादा पेट्रोल लागतेच, त्यामुळे प्रश्न आहे तो गरम झाल्यावरच्या काळेपणाचा. चोक अडकलेला, एअर फिल्टर तुंबलेला, इंजेक्टर गळका, किंवा इंजिन अजून गारच आहे असे खोटे सांगणारा तापमानाचा सेन्सर. आपल्याकडे यात एक खास देशी कारणही आहे. गाडी गरम होते म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅट काढूनच टाकलेला असतो. मुंबईच्या उकाड्यात त्याची गरज काय, असा त्यामागचा विचार. पण थर्मोस्टॅट नसलेले इंजिन छोट्या फेऱ्यांत तापतच नाही, कंप्युटर त्याला गार समजून पेट्रोल ओतत राहतो, जादा पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ते पातळ करते आणि झिजायला नको तिथे झीज होते. गाडी गरम होण्याचे मूळ कारण तुंबलेला रेडिएटर किंवा बंद पडलेला पंखा असते, आणि ते तसेच राहते. तिथेही ‘केव्हा’ कामी येतो. सिग्नलला उभे असताना काटा चढतो आणि पामबीचवर धावताना उतरतो, तर पंख्याकडे पाहा. धावतानाच चढतो, तर रेडिएटर, पाण्याचा पंप किंवा गॅस्केट.

आवाजाच्या प्रकरणावर मी सर्वांत जास्त मेहनत घेतली आहे, आणि तरी कागदावर आवाज पकडता येत नाही हे मान्य आहे. एक उदाहरण देतो. सकाळी इंजिनातून टिकटिक येते. बहुतेक जण टॅपेट म्हणतात. पाच-सात मिनिटांनी टिकटिक पूर्ण थांबली तर एग्झॉस्ट मॅनिफोल्डचा सांधाही तितकाच संशयित आहे: गार असताना फट उघडी, लोखंड तापून फुगले की फट बंद. खात्री करायला टॉर्च घेऊन मॅनिफोल्डच्या कडेने पाहावे. गळती असेल तिथे काजळीची बारीक काळी रेघ उमटलेली असते. ती रेघ सापडली तर टॅपेट कव्हर उघडण्याची गरज उरत नाही.

इंजिन आणि सायलेन्सर एकाच पुस्तिकेत का घेतले, असे मला विचारले गेले. गॅरेजच्या व्यवहारात ही दोन दुकाने वेगळी असतात. इंजिनवाला सायलेन्सरला हात लावत नाही, सायलेन्सरवाला वेल्डिंग करून मोकळा होतो. पण इंजेक्शनच्या गाडीत या दोघांच्या मधोमध एक ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो, आणि तिथे ही वाटणी मोडते. जळून बाहेर आलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला हे तो मोजतो आणि कंप्युटर त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करतो. आता या सेन्सरच्या अलीकडे पाइपाला चीर गेली आहे असे समजा. धूर बाहेर येतो हे कळते. पण एग्झॉस्ट सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी तीच चीर बाहेरची हवा आत ओढते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो. कंप्युटर समजतो मिश्रण पातळ आहे, आणि पेट्रोल वाढवतो. प्लग काळे पडतात, अॅव्हरेज घसरते, आणि स्कॅनर लावला तर कोड मात्र उलटा येतो: मिश्रण पातळ, पी ०१७१. कोडवर विश्वास ठेवून इंजेक्टर साफ केले, फ्युएल पंप बदलला, तरी काही फरक नाही. खाली वाकून पाइपाच्या सांध्याला कान लावला असता तर निभावले असते.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची गोष्टही अशीच दोन दुकानांमध्ये अडकते. १ एप्रिल १९९५पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे कॅटच्या आतल्या मौल्यवान धातूंवर बसून त्यांना निकामी करते, त्यामुळे पहिली काही वर्षे मुंबईची नवी गाडी घेऊन गावी जाणाऱ्याला वाटेत योग्य पंप कुठे आहे हे आधी पाहावे लागे. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि तो प्रश्न मिटला. आज कॅट मरतो तो दुसऱ्या कारणांनी: मिसिंगमुळे न जळलेले पेट्रोल आत जाऊन तिथे पेटते आणि चिनीमातीसारखे जाळे वितळते, किंवा वर्षानुवर्षे ऑइल जाळणाऱ्या इंजिनाची राख त्यावर बसते. कॅट चांगला असेतो इंजिनाचे हे दोष झाकून घेतो. टेलपाइपला वास नाही, पीयूसी पास. तो थकला की पी ०४२० कोड येतो, मालक महागडा कॅट बदलतो, आणि ज्या मिसिंगने पहिला मारला तीच दुसऱ्याला मारते. मी तर म्हणेन की पी ०४२० आला की आधी प्लग, कॉइल, ऑइलचा खप आणि पाइपातली गळती पाहावी; कॅटकडे सर्वांत शेवटी यावे.

वितळलेले जाळे तुंबले की गाडी ओढत नाही. हा ‘ओढत नाही’ मात्र ओळखता येतो. आयडलला गाडी शांत, गावातल्या गल्लीत ठीक, पण पामबीचवर वेग धरायला गेले की जणू कोणी मागून धरून ठेवले आहे. जितकी रेस, तितका अडथळा. याची खात्री व्हॅक्यूम गेजने होते. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवते. उंचीवर दर हजार फुटांना सुमारे एक इंच उतरतो, त्यामुळे महाबळेश्वरला तीच गाडी चारेक इंच कमी दाखवेल आणि तरी निरोगी असेल. करावे समुद्राला टेकलेले असल्याने पुस्तकातला आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू. रेस वाढवून अडीच हजार फेऱ्यांवर धरली आणि काटा स्थिर राहण्याऐवजी हळूहळू खाली सरकत गेला, तर जळलेला वायू बाहेर पडायला वाट नाही. याउलट दोष फक्त आयडलला असेल आणि वेगात नाहीसा होत असेल, तर इनटेकमध्ये कुठेतरी चोरटी हवा शिरते आहे. आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा घेते, म्हणून तिथे चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो.

तुंबलेला कॅट ‘मोकळा करून देतो’ सांगणारेही भेटतात. ते आतले जाळे फोडून काढतात आणि रिकामा डबा परत जोडतात. गाडी पळते हे खरे. पण त्या जाळ्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते आणि त्याला भंगारात चांगला भाव आहे, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. पुढे पीयूसीला अडचण येते ती वेगळी.

पीयूसीच्या कागदाबद्दल एक तक्रार नोंदवतो: आपण तो वाचत नाही. काच पुसायच्या फडक्यासोबत तो डॅशबोर्डच्या कप्प्यात जातो. त्यावर दोन आकडे असतात, कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये. भारत स्टेज २च्या आधीच्या पेट्रोल गाडीला मर्यादा ३ टक्के आणि १५००. स्टेज २ आणि ३च्या गाडीला ०.५ आणि ७५०. स्टेज ४ला ०.३ आणि २००. पास की नापास एवढेच पाहून लोक थांबतात. पण मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त. मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन भरमसाट म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे, कुठलातरी सिलिंडर मार खातो आहे. दोन्ही जास्त असतील तर आधी पेट्रोलचा जादा पुरवठा थांबवावा. मासा घेताना कोळीण कल्ला उघडून दाखवते, तशी ही चिठ्ठी आहे. फक्त आपण कल्ला न पाहता पिशवी पुढे करतो. अट एवढीच की तपासणीच्या वेळी इंजिन नीट तापलेले हवे आणि सायलेन्सर फुटका नको. फुटक्या पाइपातून बाहेरची हवा मिसळली की आकडे खोटेच चांगले येतात. जुन्या चिठ्ठ्या फेकू नयेत. दोन-तीन वर्षांच्या शेजारी ठेवल्या की आकडा कुठल्या बाजूला सरकतो आहे ते दिसते.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांना वेगळे प्रकरण दिले आहे, आणि ते लिहिताना आवडीने जास्त लिहिले गेले. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली १०८९ सीसीची पद्मिनी ही मुंबईच्या मेकॅनिकांची दोन पिढ्यांची शाळा होती. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवला नोंदली गेली. टॅक्सीची वीस वर्षांची मर्यादा भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून रस्त्यावर ती टॅक्सी म्हणून उरली नाही. त्या गाडीत कंप्युटर नव्हता, सेन्सर नव्हते; पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर. टॅक्सीवाले इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची टोपी काढत. टोपी काढल्यावर इंजिन अडखळले तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. या साध्या कसोटीइतकी चोख कसोटी मला दुसरी माहीत नाही. आजच्या गाडीत टोपी ओढू नये, कॉइल जळते आणि न जळलेले पेट्रोल कॅटमध्ये जाते. त्याऐवजी एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून तेच करावे.

मेलेला सिलिंडर सापडल्यावर त्याचे कारण कॉम्प्रेशन गेज सांगतो. बहुतेक पेट्रोल इंजिनांत १५० ते १८० पौंडांच्या आसपास दाब असतो, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १०-१५ टक्क्यांच्या वर गेला की शोध घ्यावा. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. इंजिन उघडायला सांगणाऱ्या कोणालाही आधी हे चार आकडे लिहून मागावेत. मारुती ८००वाल्यांनी तीन. आकडे न देता इंजिन काम सुचवणाऱ्या गॅरेजात गाडी ठेवू नये.

सीएनजीच्या गाडीवाल्यांकडे तर फुकटची कसोटी आहे. गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर नाही, असे असेल तर बहुधा ठिणगी कमजोर आहे. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून थकलेला प्लग किंवा कॉइल आधी गॅसवर उघडी पडते. पेट्रोलवर मिसिंग आणि गॅसवर नाही, तर इंजेक्टर किंवा पेट्रोल पंप, जो महिनोनमहिने न वापरल्याने चिकटलेला असतो. दोन्हींवर सारखेच मिसिंग असेल तर व्हॉल्व्ह-कॉम्प्रेशनकडे वळावे. एक बटण दाबून तीन शक्यतांची एक होते. तरी आपण थेट ‘किट खराब आहे’ म्हणतो.

इथेनॉलबद्दल थोडक्यात, कारण त्यावर भांडण फार आणि माहिती कमी आहे. २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला तेवढ्याच हवेत थोडे जास्त इंधन लागते. सेन्सर असलेली गाडी हे आपोआप जुळवून घेते; कार्ब्युरेटरच्या जेटला ते कळत नाही, त्यामुळे जुनी गाडी गार असताना अडखळते आणि कधी सायलेन्सरमध्ये फटके मारते. जुने रबर त्यात फुगते किंवा चिरते, म्हणून वीस वर्षांच्या गाडीतल्या पेट्रोलच्या नळ्या एकदा बदलून टाकाव्यात, यात वाद घालण्यासारखे काही नाही. शिवाय इथेनॉल पाणी धरते. शेजारच्या एनआरआय कॉम्प्लेक्ससारख्या वसाहतींत कव्हर घालून महिनोनमहिने उभ्या असलेल्या गाड्यांना पावसाळ्यानंतर जो त्रास होतो, त्यात जुन्या पेट्रोलचा हात असतोच. उरलेला त्रास उंदरांचा. वायरिंग कुरतडलेली नाही ना, हे स्कॅनर लावण्याआधी टॉर्चने पाहावे.

स्कॅनरविषयी माझे मत थोडे कडवट आहे. भारत स्टेज ४ सोबत २०१०पासून गाड्यांत स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा आली, २०१३पासून तिची पुढची आवृत्ती. आता स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर कोणीही घेतो. पण पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, एवढेच. प्लग की कॉइल की इंजेक्टर की व्हॉल्व्ह, हे तो सांगत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसात बदलून पाहा. कोड ०३०३ झाला तर कॉइल, नाही झाला तर ती निर्दोष. आणि कोड पुसण्याआधी तो लिहून ठेवा. कोडसोबत यंत्रणा त्या क्षणीचा वेग, तापमान, इंजिनावरचा भारही साठवते. म्हणजे ज्या ‘केव्हा’साठी मी एवढा आटापिटा करतो आहे तो तिथे आयताच लिहिलेला असतो, आणि ‘क्लिअर’ दाबले की तोच पुसला जातो.

डिझेल गाड्या या पुस्तिकेत ओझरत्या येतात. टर्बो, ईजीआर आणि पार्टिक्युलेट फिल्टर यांना स्वतंत्र पुस्तक लागेल.

एका गोष्टीसाठी मात्र तपासणीची वाट पाहू नये. गाडीच्या आत एग्झॉस्टचा वास येत असेल, एसी लावून बसल्यावर डोके जड होत असेल, मागे झोपलेली मुले मळमळते म्हणत असतील, तर काचा उघडाव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि गळती सापडेपर्यंत गाडी वापरू नये. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. फुटका सायलेन्सर म्हणजे फक्त आवाजाचा त्रास, असे समजणाऱ्यांनी शेवटचे प्रकरण आधी वाचावे. पावसात पाणी भरलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा चालू करू नये, हेही त्याच प्रकरणात आहे. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो.

लागणारी हत्यारे थोडी आहेत: टॉर्च, जाड हातमोजे, व्हॅक्यूम गेज, कॉम्प्रेशन गेज, मल्टिमीटर आणि एक साधा स्कॅनर. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून घेतली तरी चालतील. ज्यांना गाडीखाली जायचे नाही त्यांनी निदान पहिल्या प्रकरणाच्या शेवटी दिलेला तक्ता भरावा. गार की गरम, उभी की पळती, पाय दाबताना की सोडताना, गॅस की पेट्रोल, कोरडे की ओले, आणि सुरू होण्याआधी गाडीत शेवटचे काय काम झाले होते. या शेवटच्या रकान्याला मी मुद्दाम ठळक केले आहे, कारण कालपरवा हात लागलेल्या जागीच आजचा दोष फार वेळा सापडतो. तो कागद चावीसोबत मेकॅनिकच्या हातात द्यावा, आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. कार्ब्युरेटरवाल्यांनी तिथून थेट चौथ्या प्रकरणाला जावे, सीएनजीवाल्यांनी सहाव्याला. बाकीच्यांनी दुसऱ्यापासून क्रमाने.

करावे, नवी मुंबई